स्क्रीन रीडर नुसतंच ‘बटण’ का म्हणतो?

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, चालू आहे. टॅब दाबला की आवाज येतो, ‘बटण’. पुन्हा टॅब, पुन्हा ‘बटण’. असं सहा वेळा. पडद्यावर सहा चित्रांचा टूलबार आहे. फ्लॉपी म्हणजे सेव्ह, कात्री म्हणजे कट, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्याला मात्र इथे सहा बटणं आहेत यापलीकडे काही कळत नाही. डेस्कटॉप सॉफ्टवेअरबद्दल दृष्टिहीन वापरकर्त्यांची ही नेहमीची तक्रार. तिचं कारण समजलं की बाकीच्या बहुतेक तक्रारींचं कारणही हाती लागतं.

कारण असं, की स्क्रीन रीडर पडद्याकडे बघतच नाही. फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख ज्या घटकावर आहे ती जागा, हलला की तो चालू प्रोग्रॅमला विचारतो, ‘आता मी कशावर आहे?’ आणि मिळेल ते उत्तर बोलून दाखवतो. प्रोग्रॅमने कात्रीचं चित्र काढलं पण त्याचं नाव कुठे नोंदवलंच नाही, तर उत्तरात नाव येणार कुठून? मग उरलेला शब्द तेवढा ऐकू येतो.

आधी अंदाज, मग विचारणा

पूर्वी हे काम वेगळ्या पद्धतीने चालायचं. डॉसच्या पडद्यावर साधारणपणे ८० रकाने आणि २५ ओळी असायच्या, प्रत्येक जागी एक अक्षर, आणि ही अक्षरं मेमरीत जशीच्या तशी सापडायची. ती उचलायची आणि बोलायची. विंडोज आल्यावर अक्षरंसुद्धा चित्रं झाली. त्यावर स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी शक्कल लढवली: ‘हा मजकूर इथे काढ’ असं प्रोग्रॅम विंडोजला सांगतो ते मध्येच टिपायचं आणि पडद्याची एक प्रतिकृती आपल्याजवळ बांधत राहायची. चालायचं ते, पण कुठला मजकूर लेबलाचा आणि कुठला बटणावरचा, हे अंदाजानेच ठरवावं लागे. पुढे मजकूर ग्राफिक्स कार्डाकरवी काढला जाऊ लागला आणि मध्येच टिपण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

दरम्यान सरळ मार्ग तयार होत होता. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ आणली आणि विंडोज विस्टाच्या काळात तिच्यापेक्षा कितीतरी तपशीलवार ‘यूआय ऑटोमेशन’. ॲपलने २००५ मध्ये मॅकच्या टायगर आवृत्तीबरोबर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर दिला. लिनक्सवरचा स्क्रीन रीडर ऑर्का एटी-एसपीआय नावाच्या व्यवस्थेवर चालतो. नावं निरनिराळी असली तरी करार एकच आहे: दिसणाऱ्या खिडकीसोबत प्रोग्रॅमने तिची एक न दिसणारी वंशावळही तयार ठेवायची. खिडकीच्या पोटात टूलबार, टूलबारच्या पोटात बटणं. या वंशावळीला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात.

ट्रीमधल्या प्रत्येक वस्तूबद्दल मुख्यतः चार गोष्टी सांगायच्या असतात. नाव, म्हणजे ‘ठळक’. प्रकार, म्हणजे बटण, चेकबॉक्स की यादीतली ओळ. स्थिती, म्हणजे दाबलेलं, निवडलेलं, बंद. आणि जिथे लागू असेल तिथे किंमत, म्हणजे स्लायडर ४० वर आहे की ७० वर. शिवाय यातलं काही बदललं की तसा इशारा, म्हणजे इव्हेंट, पाठवायचा. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधल्या स्क्रीन रीडरच्या अडचणी घ्या आणि बघा. दहातल्या आठनऊ तरी या पाचांपैकी कशात तरी बसतात.

ट्री कोण भरतं?

प्रोग्रॅमर सहसा हे हाताने भरत नाही. त्याने वापरलेलं टूलकिट, म्हणजे तयार बटणं, याद्या वगैरे पुरवणारा संच, भरतं. विंडोजची मूळची बटणं, याद्या, मजकुराचे चौकोन वापरले तर नाव-प्रकार-स्थिती बहुतांशी आपोआप मिळते. जुनाट दिसणारा, करड्या बटणांचा एखादा प्रोग्रॅम स्क्रीन रीडरसोबत सुरळीत चालतो आणि त्याचीच नवी, चकचकीत आवृत्ती मुकी निघते, याचं कारण इथे आहे. नवं रूप देताना कुणीतरी तयार बटण काढून त्या जागी स्वतः रंगवलेला चौकोन ठेवला. दिसायला बटण, ट्रीमध्ये मात्र नुसती रिकामी जागा.

कोणत्या टूलकिटमध्ये काय अपेक्षित धरावं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवा प्रकल्प सुरू करतानाचा हा एक निर्णय पुढची अनेक वर्षं पुरतो. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या टूलकिटांचे तयार घटक चांगले बोलतात. क्यूटीचे पारंपरिक विजेट ठीक असतात. क्यूटीच्याच क्यूएमएल या भाषेत स्वतः घडवलेल्या घटकाला मात्र प्रकार आणि नाव स्वतःच द्यावं लागतं. जावाच्या स्विंगमध्ये आतली माहिती भरपूर असते, पण विंडोजवर ती बाहेर पोचवणारा जावा ॲक्सेस ब्रिज चालू करावा लागतो. तो बंद असेल तर अख्खा प्रोग्रॅम एकच निनावी खिडकी वाटतो आणि दोष भलत्याच्याच माथी मारला जातो. जावासोबत येणारी जॅबस्विच ही छोटी आज्ञा ब्रिज चालू करते. जीटीके ४ या टूलकिटमध्ये विंडोज आणि मॅकसाठी ट्री देण्याची सोय बराच काळ नव्हतीच.

इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या चौकटीवर, बांधलेल्या ॲप्सच्या आत क्रोमियम ब्राउझर असतो. ट्री बांधायला वेळ आणि मेमरी लागते म्हणून स्क्रीन रीडरसारखं काही चालू असल्याचं दिसेपर्यंत क्रोमियम ट्री बांधतच नाही. ॲप उघडल्या उघडल्या पहिले काही क्षण शांतता असण्याचं कारण कधी कधी हेच असतं. ब्राउझर आत असल्यामुळे आणखी एक गुंता होतो: एनव्हीडीए आणि जॉज हे विंडोजवरचे स्क्रीन रीडर वेबपान वाचण्यासाठी वेगळी पद्धत वापरतात, ज्यात बाण मजकुरातून फिरतात आणि एकेक अक्षर शॉर्टकट बनतं. ॲपमध्ये ती पद्धत आडवी आली तर एनव्हीडीएची की आणि स्पेस एकत्र दाबून बदलता येते. (एनव्हीडीएची की म्हणजे इन्सर्ट, सेटिंगमध्ये कॅप्सलॉकही निवडता येते.)

पायथॉनमधला टीकिंटर शिकायला सोपा म्हणून छोट्या साधनांसाठी सर्रास वापरला जातो. त्याच्या ८.६ पर्यंतच्या खिडक्या विंडोजवर स्क्रीन रीडरला जवळपास रिकाम्या दिसतात. आणि डिअर आयएमगुईसारखी, दर फ्रेमला सगळं नव्याने रंगवणारी लायब्ररी ट्री देतच नाही. तिथे एकेक बटण दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. टूलकिट बदलणं हाच उपाय.

नाव चुकतं त्याच्या तऱ्हा

नाव नसणं हा दोष निदान उघड असतो. चुकीचं नाव जास्त घातक. विंडोजच्या मूळ फॉर्ममध्ये मजकुराच्या चौकोनाला स्वतःचं नाव नसतं. क्रमाने त्याच्या लगेच आधी जे लेबल येतं तेच त्याचं नाव धरलं जातं. इथे ‘आधी’ म्हणजे पडद्यावर वर किंवा डावीकडे असं नव्हे, तर घटकांच्या अंतर्गत क्रमात आधी. कुणी मागाहून एक चौकोन घुसवला, लेबल डोळ्यांना बरोबर दिसेल असं सरकवलं, पण क्रम तसाच राहिला. आता ‘पत्ता’च्या चौकोनावर ‘फोन’ ऐकू येतं आणि तिथून खाली सगळा फॉर्म एका घराने सरकतो. वापरणारा विश्वासाने चुकीच्या जागी माहिती भरतो. विनफॉर्म्समध्ये यावर उपाय साधा: लेबलाचा टॅबइंडेक्स त्याच्या चौकोनापेक्षा एकने कमी ठेवायचा. डब्ल्यूपीएफमध्ये लेबलाला त्याचा टार्गेट सांगायचा, क्यूटीमध्ये सेटबडी वापरायचं. एका ओळीचं काम आहे.

डब्ल्यूपीएफची एक खास खोड म्हणजे यादीत ग्राहकांची नावं छान दिसतात, पण ऐकू येतं ‘मायॲप डॉट मॉडेल्स डॉट कस्टमर’, प्रत्येक ओळीला तेच. ओळीचं दृश्य रूप टेम्प्लेटने सजवलेलं असतं. ओळीचं नाव विचारलं की मात्र डब्ल्यूपीएफ त्या वस्तूचं टूस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं तिचं शब्दरूप, देतं, आणि ते लिहिलेलं नसेल तर क्लासचं नाव येतं. टूस्ट्रिंग लिहा, किंवा ओळीच्या स्टाइलमध्ये ऑटोमेशनप्रॉपर्टीजचं नेम बांधा.

चित्रांऐवजी आयकॉन फॉन्ट वापरला असेल तर बटणाचा मजकूर म्हणजे युनिकोडच्या खासगी वापराच्या भागातलं एखादं चिन्ह असतं. त्याला उच्चार नाही. स्क्रीन रीडर एक तर गप्प बसतो, नाहीतर भलताच आकडा म्हणतो. काही ठिकाणी चित्राच्या फाईलचंच नाव येतं. नाव देताना ‘सेव्ह बटण’ असं लिहिणंही टाळावं. प्रकार स्क्रीन रीडर स्वतः जोडतो, मग ‘सेव्ह बटण बटण’ होतं. आणि माउस नेल्यावर दिसणारी टूलटिप म्हणजे नाव असं समजू नये. काही टूलकिट ती नावाच्या जागी वापरतात, काही वर्णन म्हणून देतात, काही देतच नाहीत.

प्रकार आणि स्थिती यांच्याबाबत मुख्य घोळ एकच, माहिती फक्त रंगात असणं. टूलबारवरचं ‘ठळक’ दाबलं की निळं होतं. ट्रीमध्ये ते साधं बटणच राहतं, चालू-बंद काही नाही. कॉलच्या ॲपमधलं माइकचं बटण याच्या उलट फसवतं. दाबल्यावर नाव ‘म्यूट’चं ‘अनम्यूट’ होतं आणि वर ‘दाबलेलं’ ही स्थितीही लागते. ‘अनम्यूट, दाबलेलं’: आता माइक चालू की बंद? नाव बदला किंवा स्थिती बदला, दोन्ही एकदम नको.

फोकस हरवतो तेव्हा

माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर प्रोग्रॅम चालवा. जिथे अडाल तिथे स्क्रीन रीडरवालाही अडणार आहे, कारण त्याचा मुख्य आधार कीबोर्डच. टॅबने एका घटकावरून दुसऱ्यावर, एकाच गटात बाणांनी, एफ६ ने खिडकीच्या एका भागातून दुसऱ्यात, ऑल्टने मेनूवर, शिफ्ट आणि एफ१० ने उजव्या क्लिकचा मेनू. या विंडोजवरच्या रुळलेल्या सवयी आहेत. नव्या शोधू नयेत. मॅकवर आणि लिनक्सवर त्यांच्या त्यांच्या असतात.

कीबोर्ड चालतो आणि तरी आवाज येत नाही, हा प्रकार मात्र डोळस तपासणाऱ्याच्या हातून हमखास सुटतो. स्वतः रंगवलेल्या यादीत खाली बाण दाबला, निळी पट्टी पुढच्या ओळीवर गेली, एंटरने ती ओळ उघडलीही. पण प्रोग्रॅमने फक्त रंग बदलला, ‘फोकस आता या ओळीवर आला’ हा इव्हेंट पाठवलाच नाही. स्क्रीन रीडरच्या लेखी काहीच घडलेलं नाही.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे वस्तू नाहीशी होण्याचा क्षण. यादीतली ओळ डिलीट केली आणि फोकस त्याच ओळीवर होता. ओळच गेली, मग फोकस कुठे? प्रोग्रॅमने ठरवलं नसेल तर तो खिडकीच्या मुळाशी पडतो आणि वापरणाऱ्याला टॅब दाबत पहिल्यापासून यावं लागतं. पुढच्या ओळीवर न्या, ती नसेल तर मागच्या, यादीच रिकामी झाली तर यादीवर. डायलॉग बंद झाला की तो उघडणाऱ्या बटणावर परत न्या.

डायलॉगबद्दल आणखी एक. संदेशाची चौकट उघडते, फोकस ‘ओके’वर असतो आणि ऐकू येतं फक्त ‘ओके बटण’. संदेश काय होता? मूळच्या मेसेजबॉक्समध्ये स्क्रीन रीडर शीर्षक आणि आतला मजकूर स्वतःहून वाचतो, कारण ही चौकट डायलॉग आहे हे त्याला कळतं. घरच्या घरी बनवलेल्या पॅनेलला तो प्रकार दिलेला नसतो. ‘सगळी फाईल कायमची पुसायची?’ या प्रश्नावर न ऐकताच एंटर दाबलं जाऊ शकतं, त्यामुळे हा दोष किरकोळ मानू नये.

इव्हेंट: मुकेपणा आणि बडबड

खालच्या पट्टीत ‘फाईल सेव्ह झाली’ असं दोन सेकंद दिसून जातं. फोकस तिथे नसतो, त्यामुळे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. अशा मजकुरासाठी तो भाग लाइव्ह रीजन, म्हणजे बदलला की आपोआप वाचला जाणारा भाग, म्हणून जाहीर करता येतो; विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून थेट सूचना पाठवणारा नोटिफिकेशन इव्हेंटही आहे. सभ्य आणि तातडीची असे प्रकार निवडता येतात. पहिला चालू वाक्य संपू देतो, दुसरा मध्येच तोडतो. ‘सेव्ह झाली’ला पहिला पुरतो. दुसरा ‘जोडणी तुटली’सारख्या गोष्टींसाठी राखून ठेवावा.

याची दुसरी बाजू म्हणजे बडबड. प्रगतीची पट्टी दर फ्रेमला इव्हेंट पाठवू लागली की स्क्रीन रीडर इव्हेंट निस्तरण्यातच अडकतो. टक्का बदलला तरच पाठवावा. सतत सरकणारा लॉग लाइव्ह रीजन केला तर दुसरं काही ऐकूच येत नाही.

वेग हा स्वतंत्र विषय आहे, पण एवढं सांगायला हवं की स्क्रीन रीडरच्या प्रश्नांना उत्तरं बहुधा प्रोग्रॅमचा तोच थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, देतो जो खिडकी चालवतो. त्या थ्रेडवर मोठी क्वेरी टाकली तर नुसता प्रोग्रॅम गोठत नाही, स्क्रीन रीडरही उत्तराची वाट बघत ताटकळतो.

हजारो ओळींच्या याद्यांमध्ये वेग राखण्यासाठी पडद्यावर दिसणाऱ्या तेवढ्याच ओळी तयार केल्या जातात. मग ‘५००० पैकी १२’ ऐवजी ‘२० पैकी १२’ ऐकू येतं. यूआय ऑटोमेशनमध्ये एकूण संख्या आणि जागा वेगळ्या सांगता येतात, त्या भराव्यात. मजकूर संपादकाचं काम सर्वांत अवघड: तिथे नाव देऊन भागत नाही. कर्सर कुठे आहे, आधीचं अक्षर, शब्द, ओळ कोणती, काय निवडलंय, हे सगळं मजकुराच्या खास इंटरफेसमधून द्यावं लागतं. स्वतःचा संपादक रंगवण्याआधी याचा हिशेब मांडावा. तयार घटक घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

दोष कुणाचा, हे कसं ठरवायचं

दोन अडचणी प्रोग्रॅमच्या नसतात, त्या आधी बाजूला काढाव्यात. प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर विंडोज त्याला साध्या प्रोग्रॅमपासून संरक्षण देतं. इन्स्टॉल केलेला एनव्हीडीए त्यातून जाऊ शकतो. पेन ड्राइव्हवरची पोर्टेबल प्रत जाऊ शकत नाही. आणि रिमोट डेस्कटॉपमधून पलीकडचा संगणक वापरत असाल तर अलीकडे येतं ते नुसतं चित्र. ट्री पलीकडेच राहतो, म्हणून स्क्रीन रीडरही पलीकडे चालवावा लागतो किंवा दोन्हीकडे जोडणारी सोय लागते.

बाकी वेळी दुसऱ्या स्क्रीन रीडरवर तीच कृती करून बघा. नॅरेटर विंडोजमध्ये असतोच. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबलं की सुरू होतो. दोघेही एकाच जागी गप्प बसले तर दोष बहुधा प्रोग्रॅमचा. एकच बसला तर ॲड-ऑन बंद करून एनव्हीडीए पुन्हा सुरू करा आणि परत बघा.

बनवणाऱ्यांनी तपासताना एनव्हीडीएचा स्पीच व्ह्यूअर उघडावा. तो विनामूल्य आहे आणि बोललेलं सगळं एका खिडकीत लिहून दाखवतो, त्यामुळे वेगवान आवाजाची सवय नसली तरी अडत नाही. त्यानंतर ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स फॉर विंडोज किंवा विंडोज एसडीकेमधलं इन्स्पेक्ट. लिनक्सवर ॲक्सरसायझर, मॅकवर एक्सकोडसोबतचा ॲक्सेसिबिलिटी इन्स्पेक्टर. ही साधनं ट्री उघडा करून दाखवतात. आपोआप होणारी तपासणी नाव नसलेलं बटण पकडते, पण ‘पत्ता’च्या जागी ‘फोन’ हे नाव असेल तर तिला ते बरोबरच वाटतं. तिथे कान लागतो.

दुरुस्ती येईपर्यंत वापरणाऱ्याकडे थोडे मार्ग असतात. एनव्हीडीएची की आणि नंबरपॅडवरचे ४, ६, ८, २ वापरून ट्रीमध्ये मागे, पुढे, वर, आत फिरता येतं. याला ऑब्जेक्ट नॅव्हिगेशन म्हणतात. टॅबने न पोचणारं बटण असं सापडलं तर एनव्हीडीएची की आणि नंबरपॅडचं एंटर ते दाबतं. ट्रीमध्ये काहीच नसेल तर एनव्हीडीएची की आणि आर दाबून पडद्याच्या चित्रावरून मजकूर ओळखून घेता येतो. मात्र त्यातून अक्षरंच मिळतात. कुठलं बटण दाबलेलं आहे ते कळत नाही, आणि कात्रीचं चित्र तर त्याला वाचताच येत नाही.

तक्रार पाठवताना ‘तुमचं ॲप ॲक्सेसिबल नाही’ एवढंच लिहिलं तर ती धूळ खात पडते. प्रोग्रॅम, विंडोज आणि स्क्रीन रीडर यांच्या आवृत्त्या द्या. कोणत्या खिडकीत, कोणत्या की, कोणत्या क्रमाने, ते लिहा. मग दोन ओळी: काय ऐकू आलं आणि काय ऐकू यायला हवं होतं. ‘मुख्य टूलबार, टॅब तीनदा. ऐकू आलं: बटण. हवं होतं: कट, बटण.’ ऑब्जेक्ट नॅव्हिगेशनने त्या जागी जाऊन एनव्हीडीएची की आणि एफ१ दाबलं की त्या घटकाचा प्रकार, नाव आणि विंडो क्लास लॉगमध्ये उतरतो. तेवढा तुकडा खाली चिकटवा. कोडमधली नेमकी जागा शोधायला प्रोग्रॅमरला बहुधा तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.